छप्पर शाकारणारे आप्पा

परवा नातीच्या वाढदिवसाला आम्ही सगळे कोल्हापूर-सांगली रस्त्यावरच्या एका ढाब्यावर जेवायला गेलो होतो. बसायला गोल गोल झोपड्या केलेल्या, वर गवताचं छप्पर. मी आपला सवयीने हात वर करून वळचणीचं गवत चिमटीत धरलं, तर ते प्लॅस्टिक! वेटर हसून म्हणाला, "सर, ह्याला दहा वर्षं काय होत नाही बघा." नात म्हणाली, "आजोबा, खरं गवत असतं का कधी छपराला?"

आता हिला काय सांगायचं? हिचा आजोबा वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत पाचटाच्या छपराखाली झोपलाय. तिथे डाळ-रोटी येईपर्यंत जे सांगता आलं नाही, ते इथे लिहितो. पुण्याची भाचेमंडळी आणि अमेरिकेतला पुतण्या वाचतातच, आणि ब्लॉगवाल्या मित्रांपैकी कुणाच्या गावाकडे वेगळी पद्धत असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. शहरात छप्पर म्हणजे घराचा वरचा भाग. आमच्या शिरोळ तालुक्यात छप्पर म्हणजे अख्खी वास्तू. "म्हस छपरात बांध" म्हटलं की ते छप्पर चार बाजूंनी, दावणीसकट आलं. त्याहून लहान ती खोप. ऊसतोडीला येणारे लोक बांधतात ती कोपी. (शाळेची सहल खिद्रापूरला नेली होती तेव्हा एका पोराने विचारलं होतं, "गुरुजी, कोपेश्वर म्हणजे कोपीत राहणारा देव काय?" कोप म्हणजे राग, हे समजावून सांगितलं. पण तिथल्या स्वर्गमंडपाला वर छप्परच नाही, मधोमध गोल आभाळ मोकळं, ते बघून पोरगं म्हणालं, "ह्याची शाकारणी राहिली वाटतं." ह्यावर मला उत्तर सुचलं नाही.)

आणि पाला म्हणजे पाचट. उसाच्या शेंड्याचं हिरवं ते वाडं, ते जनावरांना. खालची वाळलेली पानं म्हणजे पाला. वाड्याचं छप्पर होत नाही, ते कुजतं. ही गोष्ट आता शेतकऱ्याच्या पोरांनाही सांगावी लागते.

आमच्या गावात शाकारणीला एकच माणूस, आप्पा. त्यांचं पूर्ण नाव मी इथे लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. स्वतःची जमीन नाही. वर्षभर दुसऱ्याच्या रानात राबायचे, आणि अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंत मात्र त्यांना गावात मान. सरपंचाच्या गोठ्यापासून आमच्या घरापर्यंत सगळे त्यांची वाट बघत. आप्पा आले की आधी एक शब्द न बोलता छपराभोवती एक फेरी मारत. मग आत जाऊन अंधारात उभे राहत आणि वर बघत. जिथून उजेडाचे ठिपके दिसतील तिथे काठीने टोचून ठेवत. मग बाहेर येऊन म्हणत, "तीन गाड्या पाला लागंल."

सांगाडा असा असे. जमिनीत दुबेळक्याच्या मेढी पुरायच्या, त्यावर आढं, आढ्यावरून दोन्ही पाख्यांना कळकाचे वासे, वाशांवर आडव्या कामट्या. सगळं बांधायचं सुंभाने नाहीतर केकताडाच्या वाखाने. खिळा एकही नाही. मेढीच्या दुबेळक्यासाठी बाभळ. आप्पा म्हणत, खिळा मारला की लाकूड फाटतं. दोरी मात्र वाऱ्याबरोबर हलते आणि परत बसते.

चढण किती ठेवायची हे त्यांनी कधी कागदावर मांडलं नाही. पण रुंदी एका दोरीने मोजत, दोरी मधोमध दुमडत, आणि तेवढी उंची आढ्याला देत. पुढे बऱ्याच वर्षांनी भूमितीच्या तासाला पंचेचाळीस अंशांचा कोन शिकवताना माझ्या लक्षात आलं की आप्पा हेच करत होते. एवढी चढण का? तर पाला पाणी अडवत नाही, तो पाणी वाहून नेतो. थेंब पानावर पडतो, पानाच्या टोकाकडे घसरतो, तिथून खालच्या पानावर. चढण पुरेशी असली तर थेंब वरच्या दोन-तीन बोटांच्या थरातच प्रवास करत वळचणीला येतो, आतला थर कोरडाच राहतो. चढण कमी पडली की थेंब रेंगाळतो, रेंगाळला की मुरतो, मुरला की पाला कुजतो.

म्हणूनच शाकारणी खालून वर. पहिला थर वळचणीला, त्यावर अर्धा चढवून दुसरा, असं करत आढ्यापर्यंत. प्रत्येक थरावर बाहेरून एक कामटी दाबायची आणि ती आतल्या कामटीला शिवायची. शिवायला कळकाची हातभर लांब सुई, एका टोकाला अणकुचीदार, त्याच्याजवळ भोक. आप्पा बाहेरून सुई खुपसत, आत बसलेल्याने दोरी काढून वाशाला वळसा घालून परत भोकात ओवायची, की आप्पा ती ओढून घेत. हे आत बसायचं काम लहान पोराचं, म्हणजे माझं. डोळ्यांत कुसळं, नाकात धूळ, आणि सुई कुठून येईल याचा नेम नाही. बाहेरून आवाज यायचा, "बाळ, डोळं संभाळ रं." आणि मग सपकन सुई आत.

सगळ्यात अवघड जागा आढ्याची. दोन्ही पाखी जिथे मिळतात तिथे पाणी आत शिरायला टपलेलं असतं. तिथे पाला दोन्हीकडे मोडून टाकायचा, जाड थर द्यायचा, वर दोन्ही बाजूंनी कळक टाकून ते एकमेकांना आरपार बांधायचे. बाकी छप्पर कुणीही शाकारील, आढं आप्पांनीच करायचं, असा गावचा अलिखित नियम होता.

असं छप्पर दोन, फार तर तीन पावसाळे टिके. आमच्याकडे पाऊस वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, म्हणून पाचटावर भागतं. याच जिल्ह्यात गगनबावड्याला पाच हजारांच्या पुढे पडतो. तिकडे आणि शाहूवाडीकडच्या धनगरवाड्यांवर डोंगरचं गवत वापरत, थर कितीतरी जाड आणि पाखी पार खाली जमिनीजवळ आणलेली, वाकून आत शिरावं लागे. एका जिल्ह्यात दोन छपरं, त्यांच्यात एवढा फरक.

आता जरा मागे जाऊ. ही पाचटाची छपरं "पूर्वापार" आहेत असं मीही समजत होतो. आज्जी ते मानत नसे. तिच्या लहानपणी छपरावर माळावरचं गवत असे, ऊस होता तो गुऱ्हाळापुरता, मोटेच्या पाण्यावर भिजेल तेवढाच. शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास राधानगरीचं धरण हाती घेतलं, ते पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडून गेलं. मग नदीकाठी इंजिनं बसली, सहकारी साखर कारखाने निघाले, आणि ऊस पंचगंगा-कृष्णेच्या काठाकाठाने पसरला. माळ नांगरले गेले, गवत संपलं, आणि पाला मात्र फुकट, हवा तेवढा. म्हणजे आपण ज्याला जुनी पद्धत म्हणतो, ती पाचटाची शाकारणी निदान आमच्या भागात धरणाची आणि कारखान्याची धाकटी बहीण आहे! ज्या उसाने तिला वाढवलं त्याच उसाच्या पैशाने पुढे स्लॅब पडले, हा भाग वेगळा.

आज्जीची दुसरी आठवण प्लेगची. ती "पलेग" म्हणे. कोल्हापूर संस्थानात गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीला प्लेग शिरला आणि पुढची कैक वर्षं तो येत-जात राहिला. उंदीर मरून पडले की गाव उठायचा आणि माळावर छपरं ठोकून राहायचा. आज्जीचं लग्न ठरलं ते माळावर. तिची एक बहीणही माळावरच गेली. ती सांगे, घरं कौलारू असोत की माडीची, त्या दिवसांत सगळे सारखेच खोपीत. तेव्हा मुंबई-पुण्यात साथ आलेल्या घरांची कौलं काढून आत ऊन घेत. उंदरावरच्या पिसवेतून रोग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत १८९८ साली दाखवलं, पण ते सगळ्यांना पटायला बराच काळ गेला. माळावर राहून माणसं वाचली. छप्पर म्हणून काही चांगलं नव्हे, उंदराला पाला कौलापेक्षा जास्त आवडतो. पण ते छप्पर नवं होतं, आणि जुन्या उंदरांपासून लांब होतं.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९१७ साली महाराजांनी आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने आमचं जयसिंगपूर वसवलं. रेल्वे १८९१ पासून होतीच. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. मी पुढे नोकरीसाठी इथे आलो आणि गल्लीत घर केलं. आखलेल्या पेठेत पाचटाला जागा नव्हती, व्यापाऱ्याचा माल खाली असताना वर पाला कोण ठेवील? १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यापासून मंगलोरी कौलं सगळीकडे पोचली होती. लंडनला १८२९ मध्ये शोधलेला पन्हळी पत्रा त्याच्याही आधीचा. गावात येताना छप्पर वेशीबाहेर ठेवून यायचं, अशी रीतच झाली.

त्याचं खरं कारण आग. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या कारकुनांना आणि जुमलेदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, १६७३-७४ च्या सुमारासचं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, एवढंच आपण त्यातलं सांगतो. पण त्यात गवताची केवढी काळजी आहे! कुणी आगटी पेटवील, कुणी चिलीम ओढील, दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात तोंडात धरून नेईल आणि गवत पेटेल, मग पावसाळ्यात घोडी काय खातील? एवढा मोठा राजा, आणि उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करतो. ज्याने गवताशेजारी रात्र काढलीय त्यालाच हे सुचतं. तिकडे लंडनात १६१३ साली नाटकातली तोफ उडवली आणि तिच्या ठिणगीने ग्लोब नाट्यगृहाचं गवती छप्पर पेटलं, तास-दोन तासांत सगळं संपलं. १९९७ मध्ये ते पुन्हा उभारलं तेव्हा खास परवानगी घेऊन गवत घातलं, पण आगीवर पाणी मारायचे फवारे बसवून.

आमच्याकडे कसले फवारे? १९६१ चा उन्हाळा, चैत्रातलं भर दुपारचं वारं. ठिणगी कुणाच्या चुलीची, हे आता सांगण्यात अर्थ नाही, ती माणसंही राहिली नाहीत. मी विहिरीवर होतो. धूर दिसला म्हणून धावत आलो तेव्हा पाखं खाली बसत होतं. पाचटाला आग लागली की ती जळते असं म्हणता येत नाही, ती उडते. जळती पानं वाऱ्यावर पुढच्या छपरावर जाऊन बसतात. आमची पाच घरं गेली. माणूस कुणी गेलं नाही. आमचं वासरू गेलं, दावं सोडायला कुणी नव्हतं. माझी पाचवीची सगळी पुस्तकं गेली, आणि आईने लग्नातली म्हणून जपलेली एक पैठणी.

संध्याकाळी राख विझते न विझते तोच आप्पा आले. त्यांचं स्वतःचं छप्परही त्या पाचांत होतं. त्यांनी आमची जळकी आढी-मेढी तपासली, काय चालेल काय नाही ते बाजूला केलं. दुसऱ्या दिवसापासून गाव पैऱ्याने कामाला लागलं. कुणी कळक दिले, कुणी पाला, कुणी नुसते हात. तीन दिवसांत पाच छपरं उभी राहिली, त्यात आप्पांचं सगळ्यात शेवटी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पैसे पुढे केले ते त्यांनी घेतले नाहीत. जपानात शिराकावा नावाचं गाव आहे, १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथे उंच गवती छपराची शाकारणी शंभर-दोनशे माणसं एकत्र येऊन दोन दिवसांत उरकतात, आणि एकाने दुसऱ्याच्या घराला केलेलं काम परत फेडायचं, ही त्यांची रीत. टीव्हीवर ते बघताना मी बायकोला म्हटलं, हा तर पैरा! तिच्या माहेरी त्याला इर्जिक म्हणतात, त्यावर आमचा थोडा वाद झाला. असो.

पुढच्या वर्षी अण्णांनी कर्ज काढून कौलं घातली. मी त्यानंतर पाचटाखाली कधी झोपलो नाही.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. बारा बलुतेदार आपण शाळेत पाठ करतो. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट... त्यात शाकारणारा नाही. छपराला लागणारं सुंभ-वाख मांग समाजाचे लोक वळत, त्यांना बलुतं होतं. मेढी तासायला सुतार, त्याला होतं. पुढे कौलं आली, ती भाजणारा कुंभार, त्यालाही होतं. छप्पर शाकारणाऱ्याला मात्र ना बलुतं, ना जात, ना आडनाव. कारण हे काम थोडंथोडं सगळ्यांनाच येतं, असं सगळ्यांना वाटायचं. ज्याचं आढं गळत नाही तो वेगळा, हे पावसाळ्यात कळायचं, पण ते कुठल्याच वहीत लिहिलं गेलं नाही. कुलकर्ण्यांच्या दप्तरात नाही, आणि माझ्याही नाही.

माझ्याही, असं म्हणतोय ते खरंच. फेब्रुवारी १९९१ ची जनगणना. आम्हा शिक्षकांना प्रगणक म्हणून नेमलं होतं आणि माझ्याकडे योगायोगाने माझंच गाव आलं. त्याआधी १९९० मध्ये घरयादी झाली होती, त्यात छपराचं साहित्य लिहायचं होतं. गवत, पानं, बांबू, लाकूड, माती, सगळं एकाच खान्यात. आता माणसांची मोजणी. आप्पांच्या दारात पोचलो तेव्हा दिवस मावळत आला होता, अजून बरीच घरं बाकी. आप्पा सत्तरीच्या पुढे, खोकत बसलेले. मी भराभर विचारत गेलो. वय, शिक्षण, काम. वर्षात १८३ दिवस किंवा जास्त जे केलं ते मुख्य काम, असा नियम. मी "शेतमजूर" लिहिलं.

आप्पा म्हणाले, "गुरुजी, आन् शाकारणी?"

ज्या पोराला ते "बाळ, डोळं संभाळ" म्हणायचे, त्याला आता गुरुजी म्हणत होते. मी म्हणालो, "आप्पा, महिना-दीड महिन्याचं काम, त्याला रकाना नाही."

"आसं व्हय," म्हणाले. "मग ऱ्हाऊ द्या." आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी घाईत होतो, घेतला नाही.

रकाना होता. मुख्य कामाशिवाय वर्षभरात दुसरं काही काम केलं का, असा स्वतंत्र प्रश्न त्या चिठ्ठीवर होता, आणि प्रशिक्षणात तो आम्हाला समजावूनही सांगितला होता. मी त्यापुढे "नाही" लिहून टाकलं होतं. रात्री चिठ्ठ्या जुळवताना ते दिसलं. दुरुस्त करता आलं असतं, पण शेकडो चिठ्ठ्यांमधली ती एक. एका म्हाताऱ्याच्या शाकारणीने देशाच्या आकड्यात काय फरक पडणार, असा विचार केला आणि गठ्ठा बांधला. पुढच्या वर्षी आप्पा गेले.

देशाच्या आकड्यातही ते काम ओसरतच गेलं. गवत-पाला-बांबू-लाकूड-मातीच्या छपराखाली राहणारी कुटुंबं २००१ मध्ये शंभरात बावीसच्या आसपास होती, २०११ मध्ये पंधरा. पुढची मोजणी २०२१ ला व्हायची ती झालीच नाही, आता २०२७ ची ठरली आहे. आमच्याकडे पाचट उरलंय ते रानात. काही जण अजून पेटवतात, शहाणे त्याची कुट्टी करून सरीत कुजवतात, आणि ते योग्यच आहे, जमिनीला ते हवंच आहे. ऊसतोड्यांच्या कोप्यासुद्धा आता प्लॅस्टिकच्या कागदाच्या. उन्हात आत बसवत नाही, पण कागद गुंडाळून ट्रॅक्टरवर टाकता येतो. कुणाला दोष द्यायचा? जो पाचटाखाली राहिलाय त्याला पत्रा हवा असतो, पत्र्याखाली राहिलाय त्याला स्लॅब, आणि स्लॅबखाली राहणारा पैसे देऊन प्लॅस्टिकच्या गवताखाली जेवायला जातो. पुतण्या लिहील की काका, तुम्ही जुन्याचे गोडवे गाताय. नाही रे बाबा. पावसाळ्याच्या रात्री पाल्यातून अंगावर पडणारे विंचू मी मोजलेत.

ढाब्यावरून आल्यावर चैन पडेना म्हणून रविवारी गावी जाऊन आलो. आप्पांचा नातू गवंडी आहे, सांगलीपर्यंत कामं घेतो, स्वतःचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर आहे. मागे जुना गोठा, त्यावर सिमेंटचा पत्रा. मी विचारलं, आजोबांची काही हत्यारं आहेत का रे? त्याला काही आठवेना. त्याची आई, म्हणजे आप्पांची सून, आत गेली आणि पत्र्याखालच्या वाशात खोचलेली कळकाची सुई काढून घेऊन आली. हातभर लांब, धुराने काळी, भोकाजवळ दोरीने घासून खोबण पडलेली. म्हणाली, "ह्येनं मी सोयाबीनची पोती शिवतो. लई चांगली हाय, मोडतच न्हाई."

मी हातात घेऊन बघितली आणि तिला परत दिली. ह्या वेळी चहा घेऊन आलो.